बेत फ्लॉरेन्सचा

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दुधाचे खाडे मांडलेल्या कॅलेंडरशेजारी, फ्लॉरेन्स शहराचा एक नकाशा चिकटवलेला आहे. तो मीच काढला आहे. ड्रॉइंग मास्तराच्या घरात विकतचा नकाशा लावावा हे मनाला पटेना. मधून आर्नो नदी निळ्या शाईने वाहते, तिच्यावर पुलांच्या आडव्या रेघा आहेत, आणि नेमका कॅथीड्रलच्या घुमटावर फोडणीच्या तेलाचा एक डाग पडला आहे. सौ. म्हणते, "मी काय मुद्दाम पाडला? आणि घुमट आधीच तांबडा होता की!" तेही खरेच. त्या घुमटाच्या कौलांचा रंग आमच्याकडच्या रश्श्यावरच्या कटाशी बराच जुळतो.

मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. शिक्षण विचाराल तर दहावी, आणि त्यावर ए. टी. डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका. सासरची मंडळी आपापसांत अजूनही माझा उल्लेख 'मॅट्रिक जावई' असाच करतात. बाकीचे दोन जावई इंजिनिअर आहेत. फावल्या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. आजवर चार झाल्या. त्यांतल्या तिसरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांकडून आलेला चेक सौ.ने थेट पोस्टात नेऊन ठेवला आणि "ह्याला हात लावायचा नाही" असे मला बजावले. पुढे त्या खात्यावर ती दरमहा थोडे थोडे टाकत गेली. कशासाठी, हे तिनेही ठरवले नव्हते. ह्या सगळ्या भानगडीचे एक मूळ ते खाते.

दुसरे मूळ म्हणजे मायकेलअँजेलोचा डेव्हिड. गेली वीस वर्षे इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी हा पुतळा तोंडपाठ सांगत आलो आहे. १५०१ ते १५०४ एवढ्या काळात, आधीच्या दोन शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेल्या संगमरवरी दगडातून तो कोरला, उंची ५.१७ मीटर, हात आणि डोके अंगाच्या मानाने मोठे. दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाकावरचा एक पोरगा मधेच उठला आणि म्हणाला, "सर, तुम्ही बघितलाय व्हय?"

मी म्हटले, "नाही."

"मग एवढा मोठा हाय कशावरनं?"

प्रश्न उद्धट नव्हता. मला तो आवडलाही. शिपायाकडून मी शिडी मागवली, टेप घेतली आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर जमिनीपासून ५.१७ मीटरवर खडूने रेघ ओढली. ती पहिल्या मजल्याच्या खिडकीच्याही वर गेली. पोरे माना वर करून बघत राहिली. त्यांचे समाधान झाले. माझे मात्र त्या दिवसापासून बिघडले. पावसाने रेघ अजून पुरती पुसलेली नाही. रोज सायकल लावताना ती दिसते, आणि न पाहिलेल्या गोष्टीची वीस वर्षे साक्ष देत आलेल्या माणसासारखे मला वाटते.

एके रात्री हे सौ.ला सांगितले. तिने शांतपणे कपाट उघडले आणि पोस्टाचे पुस्तक माझ्यासमोर टाकले.

आधी आम्ही रीतसर एका यात्रा कंपनीच्या कचेरीत गेलो. नाव सांगत नाही. तिथला तरुण मोठ्या अदबीने वागला, आणि चहाही दिला. नऊ दिवसांत पाच देश, रोज रात्री भारतीय जेवण, असा त्यांचा बेत होता. मी फ्लॉरेन्सचे पान शोधले. "दुपारी शहराचे धावते दर्शन, टेकडीवरून छायाचित्रे," एवढीच ओळ.

"आणि डेव्हिड?" मी विचारले.

"टेकडीवर आहे की सर!"

आहे खरा, पण तो ब्राँझचा, नक्कल. मूळ पुतळा खाली गावात, अकादेमिया नावाच्या संग्रहालयात. सहा हजार किलोमीटर जाऊन नक्कल पाहायची आणि परत येऊन पोरांना सांगायचे, की होय, बघितला! मी चहाचा कप खाली ठेवला. रस्त्यावर आल्यावर सौ. म्हणाली, "आपण आपलेच जाऊ या. तुम्हांला एवढे सगळे ठाऊक आहे, मग त्या पोराला पैसे कशाला द्यायचे?" तिचा माझ्यावर इतका विश्वास असल्याचे लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर मला प्रथमच कळले.

आता बेत आखणे म्हणजे काय, हे ज्यांनी आखला आहे त्यांनाच ठाऊक. पहिली अडचण उन्हाळ्याचीच. आमची सुट्टी मे महिन्यात सुरू होते आणि जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते. तिकडचा उन्हाळा जूनमध्ये कुठे सुरू होतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो असा तापतो, की डोंगरांच्या वाटीत बसलेले ते शहर कढईसारखे होते म्हणे. म्हणजे आमच्या उन्हाळ्याचा शेवट आणि त्यांच्या उन्हाळ्याचा आरंभ जिथे जुळतो ते बाराच दिवस आमचे: मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला. यंदा पैशाचे आणि कागदांचे जमले नाही. आता येत्या मे महिन्यावर नजर आहे.

मग कागद. पासपोर्ट निघाले. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याच्या आधी नाही, आणि त्यासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. शाळेकडून 'ना हरकत' दाखला लागतो. अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता. मी लिहिले, 'पुतळा पाहणे'. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि स्वतःच्या हाताने ते खोडून 'पर्यटन' असे केले. "संस्थेच्या लोकांना पुतळा म्हटले की वर्गणीची भीती वाटते," असे त्यांचे स्पष्टीकरण.

खरी लढाई झाली ती वेळापत्रकावर. रात्री जेवणे उरकली, की नकाशाखाली आमची परिषद भरायची. मी, सौ., आणि बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची कन्या. आई कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली; तिला मत नव्हते, पण कान होते.

माझा पहिलाच मोहरा पडला. शनिवारी रात्री मुंबईहून विमान, मधे एक बदलून रविवारी रोम, तिथून रेल्वेने दीड तासात फ्लॉरेन्स, आणि सोमवारी सकाळी डेव्हिड, असे मी मोठ्या अक्षरांत लिहिले होते. कन्येने फोनमध्ये बघून सांगितले, "बाबा, सोमवारी बंद असतंय. अकादेमिया पण, आणि ती उफ्फीत्सी पण." वीस वर्षे थांबलेल्या माणसाला आणखी एक दिवस थांबायला काय हरकत आहे, असे सौ.चे म्हणणे.

उफ्फीत्सी ह्या शब्दाचा अर्थ 'कचेऱ्या'. मेदिची घराण्याच्या कॉझिमोने राज्याच्या कचेऱ्यांसाठी १५६० मध्ये ती इमारत वाझारीकडून बांधायला घेतली, आणि १७६९ मध्ये ती चित्रे पाहण्यासाठी लोकांना खुली झाली. हे ऐकून आमचे शेजारी, जे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, फार वेळ गप्प बसले. आपल्या कचेरीच्या भिंती त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत असाव्यात. तिथे बोत्तिचेल्लीचा वसंत आहे, व्हीनसचा जन्म आहे. तिकीट पंचवीस युरोच्या घरात. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र फुकट, असे मी चुकून बोलून गेलो.

"मग रविवारीच जाऊ की!" सौ. म्हणाली.

"अगं, त्या दिवशी आगाऊ जागा धरता येत नाही. दारात रांग केवढी असेल!"

"अंबाबाईच्या नवरात्रातली रांग काढलीय मी. इटलीवाल्यांची काय कथा?"

ह्या मुद्द्यावर अजून तह झालेला नाही.

कन्येला चित्रांत गोडी नाही. ती बापाच्या धंद्यात मुलांना नसतेच. तिला गॅलिलिओच्या नावाच्या संग्रहालयात जायचे आहे. त्याच्या स्वतःच्या दुर्बिणी तिथे आहेत, आणि काचेच्या भांड्यात त्याच्या हाताचे एक बोटही. १६४२ मध्ये तो गेला तेव्हा धर्मसत्तेचा रोष असल्यामुळे त्याला मानाची जागा मिळाली नाही. १७३७ मध्ये सांता क्रोचे ह्या चर्चमध्ये त्याला समारंभाने नेऊन ठेवले, आणि त्या हलवाहलवीत कुणा भक्ताने बोट काढून घेतले. कन्या हे रंगवून सांगत होती. कोपऱ्यातून आईचा आवाज आला, "आन् बाकीचा कुठं हाय?"

"सांता क्रोचेत, आजी. मायकेलअँजेलोच्या समोरच."

"बोट हितं आन् माणूस तितं," आई लसणीकडे बघत म्हणाली. "बरं न्हवं त्ये."

आम्ही हसलो. तेव्हा आम्हांला काही कळले नाही.

आसपासच्या गावांवरूनही बरीच रस्सीखेच झाली. पिसा रेल्वेने तासाभरावर. तो कलता मनोरा पाहिल्याशिवाय परत आलो तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. सिएनाला बसने जाता येते. तिथल्या शंखासारख्या उतरत्या चौकात वर्षातून दोनदा, २ जुलै आणि १६ ऑगस्टला, घोड्यांची शर्यत लागते. दोन्ही तारखांना मी वर्गात फळ्यावर वर्तुळे काढत असणार, तेव्हा आम्ही रिकामाच चौक पाहायचा. लुक्काच्या तटावरून सबंध गावाला चालत प्रदक्षिणा घालता येते, साधारण चार किलोमीटर. पन्हाळ्याची सवय असलेल्याला ते फिरणेच नव्हे. सौ.ला मात्र व्हेनिस हवे. "ते आसपास नाही," मी म्हटले. "रेल्वेने सवादोन तास लागतात." ती म्हणाली, "कोल्हापूरहून जोतिबा आसपास, आणि कोल्हापूरहून मुंबईपण तुमच्या भाच्याच्या मुंजीला आसपासच झाली होती." व्हेनिस मंजूर झाले, एक दिवस.

जेवणाची चिंता मला नव्हती, ती वाचल्यावर लागली. त्या मुलखातली पाव-भाकरी बिनमिठाची असते. विसरून नव्हे, मुद्दाम; शेकडो वर्षांची रीत. कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकूनच घशाला कोरड पडते. कांदा-लसणीच्या चटणीचा डबा बरोबर घ्यायचा हे एकमताने ठरले. आईने लगेच "पेढं देतो संगती" म्हणून सांगितले, तर दुधाचे आणि मटणाचे पदार्थ त्या देशांत नेऊ देत नाहीत, असे निघाले. आईला तो सगळ्या युरोपने केलेला अपमान वाटला.

आता त्या नकाशाच्या डाव्या टोकाविषयी सांगायला हवे.

गावाच्या पश्चिमेला, आर्नोच्या काठाकाठाने, कॅसिने नावाचे लांबलचक उद्यान आहे. ते जिथे संपते तिथे मुन्योने नावाची एक लहान नदी येऊन आर्नोला मिळते. त्या जागी एका छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा आहे. पुतळा कोल्हापूरच्या राजाचा.

राजाराम कॉलेज ठाऊक नाही असा माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही. पण हा राजाराम कोणता, असे विचारले तर दहांतले नऊ जण शिवाजी महाराजांच्या मुलाचे नाव घेतील आणि दहावा शाहू महाराजांच्या मुलाचे. मीही त्यांतलाच होतो. हा राजाराम शाहू महाराजांच्याही आधीचा. १८५० चा जन्म, १८६६ मध्ये गादीवर आला, आणि १८७० मध्ये, विसाव्या वर्षी, इंग्लंड पाहायला गेला. तो इंग्रजीत रोजनिशी लिहीत असे. तिकडे व्हिक्टोरिया राणीला भेटला. परतीच्या वाटेवर, युरोपातून येताना तो आजारी पडला, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समधल्या एका हॉटेलात त्याने प्राण सोडला. १८७२ मध्ये लंडनमध्ये त्याची रोजनिशी छापून निघाली. बरोबरच्या कॅप्टन वेस्टने ती संपादित केली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती वाचली. कुठे गेलो, काय पाहिले, कोण भेटले, अशा साध्या नोंदी. शेवट अर्थातच त्याने लिहिलेला नाही.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. प्रेताला अग्नी देण्याची त्या गावाला सवय नव्हती, परवानगीही नव्हती. राजाच्या माणसांनी आपल्या धर्माप्रमाणे दोन नद्यांच्या संगमावर दहन व्हायला हवे असा आग्रह धरला, आणि नगरपालिकेने खास परवानगी दिली. ऐन थंडीच्या रात्री, गावाबाहेर, त्या संगमावर चिता पेटली. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथे हे स्मारक उभे राहिले. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि वरची छत्री मेजर मँटची. आपला नवा राजवाडा ज्याच्या आराखड्यावरून बांधला तोच हा मँट. पुढे १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर मोठा पूल झाला. त्याचे नाव इटालियन लोकांनी 'पोन्ते आल्लिंदियानो' ठेवले, म्हणजे 'हिंदी माणसाचा पूल'. आजही तिथल्या मालमोटारी आमच्या राजाच्या नावावरून जा-ये करतात.

चित्रकाराच्या नजरेने मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १८७० साली डेव्हिड संग्रहालयात नव्हता. तो राजवाड्यासमोरच्या चौकात, उघड्यावर, ऊनपाऊस खात उभा होता. १८७३ मध्ये त्याला आत नेले. कॅथीड्रलचा आज दिसणारा दर्शनी भागही तेव्हा बांधलेला नव्हता, समोरची भिंत नुसती उघडीच होती. गावाचे जुने तट पाडून रुंद रस्ते करण्याचे काम चालू होते. त्या आजारी पोराने ह्यांतले काय पाहिले असेल? हॉटेलच्या खिडकीतून नदी दिसली असेल, फार तर. पंचगंगेची आठवण आली असेल की नाही, कोण जाणे.

हे सारे आम्हा तिघांनाच ठाऊक होते, आणि आईला सांगायचे नाही असे ठरले होते. कारण सांगायला मला थोडे मागे जावे लागेल.

आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आय. टी. आय. करून तो वायरमन म्हणून आखातात गेला. २००३ च्या मार्चमध्ये तो कामावर असताना उंचावरून पडला. वय अठ्ठावीस. प्रेत इकडे आणायचे तर कागदपत्रांना किती दिवस लागतील हे कुणी धड सांगेना. शेवटी तिकडेच अग्नी द्यायला आमची हरकत नाही अशा कागदावर अण्णांनी सही केली. तीन आठवड्यांनी गडहिंग्लजकडचा एक पोरगा सुट्टीवर आला, त्याने एक स्टीलचा डबा आणून दिला. तो डबा आम्ही प्रयाग चिखलीला नेला, पंचगंगेच्या संगमावर. आई आली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने दादाच्या मरणाविषयी एक शब्दही काढलेला नाही. अण्णा गेले तेव्हाही नाही.

आणि मी, हे सगळे ठाऊक असलेला माणूस, ऑगस्टमधल्या एका रात्री स्वयंपाकघरात विम्याची माहिती मोठ्याने वाचत बसलो. व्हिसासाठी तीस हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आहे. त्यात काय काय मिळते ते सौ.ला समजावून सांगत होतो: दवाखाना, तातडीचे उपचार, आणि, वाचण्याच्या ओघात तोंडातून निघून गेले, "मृत्यू झाल्यास मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च."

लसूण सोलण्याचा आवाज थांबला. आई उठली आणि आत जाऊन पडली. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढचे पंधरा दिवस तिने विरोध असा केला नाही. पण बेतात काटे निघू लागले. तिचे गुडघे दुखू लागले. इचलकरंजीहून माझी बहीण सोबतीला येणार होती, तर "तिच्या घरी म्हैस हाय, ती कशी यील?" म्हैस तीन वर्षांपूर्वीच विकली होती. एकदा सौ.ला म्हणाली, "पोरीच्या लग्नाला पैसं नगंत व्हय?" सौ. माझ्याकडे बघायची, मी नकाशाकडे. शेवटी एके दिवशी मी सौ.ला म्हटले, "राहू दे. ते पैसे पोस्टात बरे आहेत." खरे सांगतो, मला आईचा रागही आला होता. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने आणखी किती वर्षे घराचा उंबरठा अडवायचा, असा दुष्ट विचार मनात येऊन गेला. तो इथे लिहून टाकतो. लपवून काय करू?

मी नकाशा काढायला गेलो तो घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. घर सारवायचे, भिंती पुसायच्या होत्या. स्टुलावर चढलो तर आई मागे येऊन उभी राहिली.

"कशाला काढतूयास?"

"आता काय करायचाय?"

आईला लिहितावाचता येत नाही. पण माझी चित्रे ती लहानपणापासून बघत आली आहे, आणि रेघ तिला कळते. तिने बोट लांब केले. नकाशाच्या डाव्या टोकाला, निळ्या जाड रेघेला जिथे बारीक रेघ मिळते तिथे ठेवले. तिथे मी लाल शाईने एक ठिपका दिला होता.

"हितं दोन नद्या मिळत्यात."

"हो."

"संगम हाय म्हण की. ह्यो ठिपका कसला?"

मी सौ.कडे पाहिले. ती भांडी विसळायची थांबली होती. मग मी स्टुलावरून उतरलो आणि आईला सगळे सांगितले. आपल्या कोल्हापूरचा राजा. विसाव्या वर्षी. परतीच्या वाटेवर. आई जमिनीवर बसून ऐकत होती. तिने विचारले ते असे, एकेक, मधे वेळ जाऊ देत:

"लाकडं मिळाली म्हणायची?"

"मिळाली."

"आपली माणसं हुती संगती?"

"होती. सगळे आपल्या रीतीनेच झाले, आई. तिथल्या लोकांनी करू दिले."

"त्येची आई?"

मला उत्तर देता येईना. मी मुकाट राहिलो.

"तिला कवा कळलं असंल?" आई म्हणाली. "तवा काय फोन न्हवता." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आपल्याला त्याच सांजंला कळलं."

वीस-बावीस वर्षांत त्याच्याविषयी तिने उच्चारलेले ते पहिले वाक्य. सौ.ने नळ बंद केला.

आई पदराने नाक पुसत उठली, भिंतीपाशी गेली, आणि त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला; शाई निघते का पाहावे तसा. म्हणाली, "पुतळा उद्याबी बगशील. आदी हितं जा. दोन फुलं टाक नदीत. एक राजाचं."

दुसरे कुणाचे ते ती बोलली नाही.

त्या रात्री परिषद पुन्हा भरली. कन्येने फोन काढला. स्टेशनाजवळून ट्रॅम निघते ती कॅसिनेपर्यंत जाते. तिथून उद्यानाच्या टोकापर्यंत चालायचे, तासभर धरून चाला. आमच्या बसायच्या जागेपासून आईने विचारले, "आन् फुलं? तितं कोण द्यायचं?" कन्या बोटाने पडदा सरकवत राहिली. मग हसली. दर मंगळवारी सकाळी त्याच उद्यानात आठवड्याचा मोठा बाजार भरतो. भाजी, कपडे, भांडी, काय वाटेल ते. बाजार म्हटला की फुले असणारच.

सोमवारी संग्रहालये बंद, म्हणून मी फिएसोलेच्या टेकडीवर जायचे लिहिले होते; ते तसेच ठेवले. मंगळवारी सकाळी नऊ वाजता डेव्हिड होता. तो खोडला आणि दुपारी तीनवर नेला. वर लिहिले: 'मंगळवार, सकाळी. कॅसिने. बाजार. संगम.'

"मंगळवार व्हय?" आई म्हणाली. "देवीचा वार हाय. बरा हाय."

आणि तिने लसणीची परडी जवळ ओढली, चटणी आत्ताच करून ठेवली तर मेपर्यंत टिकेल की नाही, ह्याचा सौ.शी वाद घालायला.